‘हस्तक्षेपमापक’ नव्हे, व्यतिकरणमापक

प्रश्न : ‘फोटॉनिक हस्तक्षेपमापकाने ताऱ्याचा प्रकाश झाकून बाह्यग्रहांचा शोध’ (म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचा) असे बातमीत वाचले. इंटरफेरोमीटरला हस्तक्षेपमापक म्हणावे का? आणि ‘नलिंग’ला मराठीत काय म्हणावे?

उत्तर : हस्तक्षेपमापक अजिबात म्हणू नये. हस्तक्षेपाला मध्ये पडणारा तिसरा लागतो. इथे एकाच ताऱ्याचे दोन प्रकाशतरंग एकमेकांत मिसळतात, तिसरा कोणी नसतोच. कोशातला पहिला अर्थ उचलून चिकटवला की असे शब्द जन्मतात. ‘व्यत्ययमापक’ सुचवणारेही चुकतात. व्यत्यय म्हणजे वि + अति + इ (जाणे) : उलटापालट, खंड. योग्य शब्द व्यतिकरण, वि + अति + कृ. ‘व्यति’ ही जोडी संस्कृतात परस्पर केलेल्या क्रियेची खूण आहे. ‘व्यतिलुनते’ म्हणजे एकमेकांचे पीक कापतात. आपल्याकडची सावडच ती. इंग्रजी शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे, अर्थ ‘एकमेकांवर आदळणे’. चालताना घोड्याचा एक पाय दुसऱ्याला लागतो, त्यालाही हाच शब्द. म्हणजे ज्याने व्यतिकरण निवडला त्याने नेमके मूळ पकडले, आणि ‘हा शब्द जड आहे’ म्हणून तो टाकणाऱ्यांनी ते गमावले.

त्याहून आनंदाची गोष्ट मेघदूतात आहे. कालिदास इंद्रधनुष्याला ‘रत्नच्छायाव्यतिकर इव’ म्हणतो : रत्नांच्या प्रभा एकमेकींत मिसळाव्यात तसे. प्रकाशात प्रकाश मिसळण्याला व्यतिकर! मुख्य धनुष्य अपवर्तनाचे, हे खरे. पण त्याच्या आतल्या कडेला कधीकधी दिसणाऱ्या फिकट जादा पट्ट्यांचे कारण थॉमस यंगने १८०३ मध्ये व्यतिकरणानेच सांगितले. शब्द आणि भौतिकी इंद्रधनुष्यापाशीच भेटतात. ‘हस्तक्षेप’ला असे भाग्य कुठले?

‘झाकणे’ही इथे चालणार नाही. झाकतो तो करोनाग्राफ, ताऱ्याच्या प्रतिमेसमोर ठिपका धरून. खगोलशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेसवेल यांनी १९७८ मध्ये सुचवलेल्या ‘नलिंग’ पद्धतीत ताऱ्याचे दोन तरंग शिखरावर दरी येईल असे जुळवतात. हवाईतल्या ८.२ मीटरच्या सुबारू दुर्बिणीवरचे ‘ग्लिंट’ नावाचे उपकरण हे काम काचेच्या चिपमध्ये करते. लेसरने काचेच्या आत कोरलेल्या तरंगवाहिन्यांत, म्हणजे प्रकाशाच्या बारीक वाटांत, आरशाच्या वेगवेगळ्या भागांवरचा प्रकाश शिरतो. दोन वाहिन्या अगदी जवळ आल्या की प्रकाश एकीतून दुसरीत झिरपतो. या जोडणीतच पाव तरंगाचा फरक पडतो, उरलेला पाव बाहेरून द्यायचा. मिळून अर्धा तरंग, म्हणजे १.५५ मायक्रॉन तरंगलांबीला ७७५ नॅनोमीटर. मग बाहेर पडणारी एक वाट ताऱ्यापुरती अंधारी होते; हेच ‘शून्य’. प्रत्येक वाहिनीतून प्रकाशाचा एकच आकार पुढे जातो, त्यामुळे लाटेतली खडबड गाळली जाते. पण दोन वाहिन्यांमधला फरक गाळला जात नाही, आणि बिघडते ते तिथेच. वातावरणामुळे मार्ग २५ नॅनोमीटरने हलला तरी ताऱ्याच्या प्रकाशाचा सुमारे चारशेवा भाग या वाटेत गळतो. गळती लाखात एकवर आणायची तर दीड नॅनोमीटरच्या आसपास स्थिरता हवी. शिवाय जोडणीतली वाटणी तरंगलांबीनुसार बदलते, म्हणून रंगांचा पट्टा रुंद केला की शून्य उथळ होते. त्रिकोणात बसवलेल्या तीन वाहिन्यांची जोडणी यावर उपाय आहे : बाजूच्या दोन्हींत उलट तरंग आले तर सममितीमुळे मधलीत कोणत्याच रंगाचा प्रकाश शिरत नाही.

शिखरावर दरी आणण्याला ‘विनाशक व्यतिकरण’ म्हणतात, त्या शब्दालाही माझा विरोध आहे. काहीच नष्ट होत नाही. ताऱ्याचा प्रकाश दुसऱ्या, उजळ वाटेने बाहेर पडतो आणि तिथे मोजताही येतो. ग्रह किंचित बाजूला असल्याने त्याचे तरंग उलटे जुळत नाहीत. आरशाच्या दोन भागांत ५ मीटर अंतर असेल, तर ताऱ्यापासून ३२ मिलीआर्कसेकंदांवरचा (मिलीआर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६ लाखावा भाग) ग्रह याच अंधाऱ्या वाटेने पूर्ण उजळ बाहेर येतो, मात्र तो त्या दोन भागांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेत हवा. दिशा वेगळी असेल तर यंत्र फिरवावे लागते. ब्रेसवेल यांची मांडणी फिरती होती ती यासाठीही.

राहिला ‘नलिंग’. शून्यन म्हणा. एका वाटेवर शून्य करणे, इतकाच त्याचा अर्थ. यंत्र ते शून्यन-व्यतिकरणमापक.