डीपीतली दोन वेटोळी जोडलेली नसतात, मग वीज पलीकडे जाते कशी?

भाऊ, तुम्ही विचारलंय की डीपीत, म्हणजे शेताजवळच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, 11 केव्हीची (11000 व्होल्टची) लाईन एका वेटोळ्यात येते, आपल्या मोटारीची लाईन दुसऱ्याच वेटोळ्यातून निघते आणि दोघांत कुठेच जोड नाही, तर वीज मधून उडी मारते का?

उडी मारत नाही. मारली तर डीपी जळाली समजा. यवतमाळ जिल्ह्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, जळालेली वेटोळी रोज हातात असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक करून बघा. जाड बोल्टवर कागद गुंडाळून बारीक इनॅमल तारेचे 200 वेढे घाला. त्यावर दुसऱ्या तारेचे आणखी 200. वरच्या तारेची टोकं काट्याच्या मल्टिमीटरला लावा, डीसी करंटच्या सगळ्यात लहान रेंजवर. आता आतल्या तारेला दीड व्होल्टचा सेल टेकवा. काटा झटकन उजवीकडे उडतो आणि शून्यावर परत येतो. (डावीकडे गेला तर मीटरच्या तारा अदलाबदल करा.) सेल धरून ठेवा. करंट वाहतोय, बोल्टला टाचणी चिकटतेय, पण काटा ढिम्म. सेल काढला की काटा शून्याच्या मागे जाऊन आपटतो.

मायकल फॅरडे यांनी 29 ऑगस्ट 1831 रोजी लंडनमध्ये लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून हेच पाहिलं. करंटमुळे पहिल्या वेटोळ्यात चुंबकत्व तयार होतं आणि ते दुसऱ्याच्या पोटातूनही जातं. ते वाढत किंवा कमी होत असेल तेवढ्यापुरतंच दुसऱ्यात व्होल्टेज उठतं. किती, ते दोन गोष्टींवर: करंट किती वेगाने बदलतोय, आणि वेटोळ्यांची जोडी कशी आहे. या दुसऱ्या गोष्टीचं माप हेन्रीत सांगतात. जोडी 0.5 हेन्रीची असेल आणि 2 अँपिअर करंट 0.01 सेकंदात एकसारखा उतरून शून्य झाला, तर दुसरीकडे 100 व्होल्ट. वेढे, अंतर, मधलं लोखंड यावर ते माप ठरतं. बोल्ट काढून नुसत्या कागदी नळीवर करून बघा, काटा जेमतेम थरथरतो.

डीपीत सेल लावायची-काढायची गरजच नाही, कारण आपली लाईन 50 हर्ट्‌झची, करंट सतत बदलतच असतो. 11000 व्होल्टच्या बाजूला बारीक तारेचे वेढे खूप, आपल्या बाजूला जाड पट्टीचे थोडे. फेजला 250 व्होल्ट मिळवायचे तर इकडच्या एका वेढ्यामागे तिकडे 44.

पुस्तकात याला अन्योन्य प्रवर्तन म्हणतात, म्हणजे म्युच्युअल इंडक्शन. यातला ‘अन्योन्य’ हा शब्द पोरं पाठ करून सोडून देतात आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हरभऱ्याच्या पाण्यासाठी रात्री लाईन आली की दहा शेतांतल्या मोटारी एकदम सुरू होतात. वरच्या, म्हणजे 11 केव्हीच्या बाजूच्या, वेटोळ्याला ते कळतं कसं? खालच्या वेटोळ्यातला करंट स्वतःचं चुंबकत्व तयार करतो, ते मूळ चुंबकत्वाला विरोध करतं, आणि तो विरोध भरून काढायला वरचं वेटोळं लाईनमधून जास्त करंट ओढतं. म्हणजे निरोप खालून वरही जातो. गंमत अशी की हेन्रीतलं ते माप दोन्ही बाजूंनी सारखंच येतं, एका बाजूला 100 वेढे आणि दुसरीकडे 4000 असले तरी.

तुमचा दुसरा प्रश्न, बॅटरीवर ट्रान्सफॉर्मर का चालत नाही. दुकानात एका पोराने 230 ला 12 व्होल्टच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या 12 च्या बाजूला ट्रॅक्टरची बॅटरी लावली होती, पलीकडे 230 मिळतील म्हणून. स्थिर करंटमुळे पलीकडे काहीच टिकलं नाही, आणि अलीकडे करंट अडवायला उरला फक्त तारेचा तुटपुंजा रोध. मिनिटभरात वार्निशचा वास सुटला. मी बॅटरीची क्लिप ओढून काढली तोवर आतली तार काळी पडली होती.