वाचकांचे प्रश्न : मुलांच्या छातीची सोनोग्राफी

देवगडहून एक आई विचारतात : तीन वर्षांच्या मुलाला ताप आणि धाप होती. डॉक्टरांनी एक्स-रे न काढता खाटेवरच छातीची सोनोग्राफी केली. हवेतून सोनोग्राफी दिसत नाही म्हणतात, मग फुप्फुसाचं काय कळणार?

शंका रास्त आहे. निरोगी फुप्फुस सोनोग्राफीत दिसतच नाही. दिसतात ते त्याच्या आवरणाचे पडसाद, सारख्या अंतरावरच्या आडव्या रेषा. त्यांना ए-लाइन्स म्हणतात. फुप्फुसात पाणी साचू लागलं की आवरणापासून पडद्याच्या तळापर्यंत उभ्या पांढऱ्या रेषा उतरतात, त्या बी-लाइन्स. आणि न्यूमोनियाने एखादा भाग घट्ट भरला की तो चक्क यकृतासारखा दिसतो. आत अडकलेल्या हवेचे पांढरे ठिपके श्वासागणिक हलतात. लहान मुलांची छातीची भिंत पातळ, त्यामुळे चित्र मोठ्यांपेक्षा स्वच्छ येतं, शिवाय किरणोत्सर्ग नाही.

पण आवरणापर्यंत न पोहोचलेला न्यूमोनिया यात सापडत नाही. सोनोग्राफी चांगली येऊनही डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला तर नको म्हणू नका. घरी मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५०, त्याहून लहान बाळात ६० असले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असला, तर लगेच दवाखाना गाठा.

गुहागर तालुक्यातले एक डॉक्टर : बी-लाइन्स कधी दिसतात, कधी गायब होतात. चुकतंय कुठे?

बहुतेक वेळा प्रोबच्या, म्हणजे छातीवर टेकवायच्या मशीनच्या मुठीच्या, कोनात. प्रोब आवरणाला काटकोनात नसेल तर रेषा पुसट होतात, म्हणून एकाच जागी प्रोब हळूहळू डोलवून आवरणाची रेषा सर्वांत ठळक कुठे येते ते पाहा. दुसरा चोर मशीनमध्येच असतो : चित्र गुळगुळीत करणाऱ्या हार्मोनिक आणि कंपाउंड सोयी पडसाद पुसून टाकतात, आणि आपल्याला तर पडसादच हवे असतात. त्या बंद करा. उच्च वारंवारतेचा लिनिअर प्रोब, चित्राची खोली ४ ते ६ सेंमी, फोकस आवरणावर.

प्रोब आधी उभा धरा, त्याच्यावरची खूण डोक्याकडे. दोन बरगड्यांच्या सावल्या आणि मधे चमकती रेषा दिसली की जागा बरोबर आहे. मग बरगड्यांमधल्या फटीत आडवा फिरवा. पुढे, कुशीला आणि पाठीवर, प्रत्येक ठिकाणी वर आणि खाली : एका बाजूला सहा जागा. घाई झाली की पाठ राहते आणि आजार नेमका तिथेच असतो. बाळाला आईच्या खांद्यावर टाकून पाठीपासूनच सुरुवात करावी, म्हणजे ते रडतही कमी. जेलची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवा.

एका फटीत तीन किंवा अधिक बी-लाइन्स असल्या तर दखल घ्या. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत मात्र त्या नैसर्गिकही असतात. आवरणालगत एक सेंटीमीटरपेक्षा लहान घट्ट ठिपके ब्राँकिओलायटिसमध्ये (बारीक श्वासनलिकांच्या सुजेत) नेहमीचे, केवळ तेवढ्यावर अँटिबायोटिक सुरू करू नये. दम्याच्या घरघरीत बहुधा ए-लाइन्सच दिसतात. डावीकडे खाली प्लीहा किंवा भरलेलं जठर, आणि तान्ह्या बाळात उरोस्थीमागची थायमस ग्रंथी न्यूमोनिया समजली जाते. आधी छाती आणि पोट यांमधला पडदा (डायफ्रॅम) शोधा, मग वर जा.

खिशात मावणारं मशीनसुद्धा गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली, १९९४च्या, नोंदवावंच लागतं. छातीसाठी आहे ही सबब चालत नाही.

पोलादपूरहून एक परिचारिका : विंचू चावलेल्या मुलाला धाप लागली तर सोनोग्राफीचा उपयोग होतो का?

होतो, आणि कोकणात तर अधिकच. तांबड्या विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरतं. मग दोन्ही बाजूंना बी-लाइन्सची दाटी होते, पण आवरण पातळ, सलग राहतं आणि नीट सरकतं. न्यूमोनियात हेच ठिगळा-ठिगळांनी आणि खडबडीत आवरणासह दिसतं. हा फरक सलाइन चढवण्याआधी कळलेला बरा, कारण पाणी भरलेल्या फुप्फुसात आणखी सलाइन म्हणजे आगीत तेल. मात्र मशीनसाठी विंचूदंशावरचं प्राझोसिन थांबवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुळवलेलं हे औषध किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने देतात. नंतर रक्तदाब उतरू शकतो, म्हणून मुलाला आडवंच ठेवावं. सुरुवातीला रेषा नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नये. धाप वाढली की पुन्हा पाहावं.

मालवणहून एक आजोबा : अडीच वर्षांच्या नातीला शेंगदाणे खाताना ठसका लागला. तेव्हापासून छातीत घरघर आहे. सोनोग्राफी करावी का?

नको. श्वासनलिकेतला शेंगदाणा सोनोग्राफीत दिसत नाही, एक्स-रेतही बहुधा नाही, आणि दोन्ही चांगले आले तरी तो आत नाही असं ठरत नाही. लहान मुलांची ब्राँकोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिकेची तपासणी) होते अशा रुग्णालयात आजच न्या, आणि ठसका कधी लागला, काय खात होती, हे तिथे आधी सांगा.