पहिली स्ट्रॅट घेताना

पहिली स्ट्रॅट फेंडरची घ्यावी की स्क्वायरची, असं तू विचारलंस. फेंडरने स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार १९५४ मध्ये आणली. स्क्वायर हा त्यांचाच स्वस्तातला ब्रँड, त्यामुळे मापं जवळपास तीच: साडेपंचवीस इंचांची स्केल (तारेची वाजणारी लांबी), तीन सिंगल-कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारे, एकेका वेटोळ्याचे). फेंडरचे जादा पैसे जातात ते फ्रेटच्या (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) फिनिशिंगला, ट्यूनिंग पेगला (तारा सुरात लावायच्या खुंट्यांना) आणि पिकअपला. स्वस्त मॉडेलच्या पिकअपमध्ये बहुधा सिरॅमिक चुंबक असतात, महागात अल्निको या मिश्रधातूचे.

मुंबईत धोबीतलावला वाद्यांच्या दुकानात जाशील तेव्हा अँप लावायच्या आधी गिटार नुसती हातात घे. गिटारच्या मानेच्या (दांडीच्या) कडेवरून बोट वरून खालपर्यंत फिरव. फ्रेटची टोकं बोचली तर दुसरा पीस माग; एकाच मॉडेलच्या दोन गिटारींतही फरक असतो. मग तार बोटाने बाजूला ओढून बेंड कर (सूर चढव) आणि सूर जागेवर येतो का ते ऐक.

माझ्या मते तू स्क्वायरच घे. वाचलेल्या पैशातून बरा अँप घे आणि सेटअप (तारांची उंची आणि मान नीट लावणं) करून घे, त्यात कंजूषी नको. आपल्या पावसाळ्यात दमट हवेने मान हलते आणि तारा गंजतात, मग गिटार कितीही महाग असो. वाजवून झालं की सुक्या फडक्याने तारा पुसत जा. माझी पहिली स्क्वायर अजून रोज वाजते, पिकअप तेवढे बदललेत.