जिन्यात निसटलेलं कपाट कोणत्या विम्यात बसतं?

वाचकांचे प्रश्न : घराचा विमा आणि सामानाची हलवाहलव

प्रश्न : नौपाड्यातली आमची जुनी, लिफ्ट नसलेली इमारत पुनर्विकासाला जात आहे. आम्ही कासारवडवलीला भाड्याने राहायला जाणार आहोत. गृहकर्ज घेताना बँकेने घराचा विमा उतरवायला लावला होता, त्याची मुदत अजून शिल्लक आहे. टेम्पोतून सामान नेताना मोडतोड झाली तर त्यातून भरपाई मिळेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही मिळणार. पॉलिसीचं शेड्यूल, म्हणजे पत्ता आणि विम्याचा तपशील असलेलं पान, काढून पाहा. कर्जासोबत घेतलेल्या विम्यात बऱ्याचदा फक्त बांधकाम असतं, घरातलं सामान नसतंच. सामान धरलेलं असलं तरी दोन अडचणी उरतात.

पहिली अडचण जागेची. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या शब्दांची पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात सामानाला संरक्षण आहे ते शेड्यूलमधल्या पत्त्यावर. घरातून दुसरीकडे हलवलेल्या वस्तूंचं नुकसान अपवादांच्या यादीत येतं. दुसरी अडचण कारणाची. आग, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी फुटणं अशी ठरावीक कारणंच या पॉलिसीत आहेत. हमालाच्या हातून टीव्ही पडणं त्यात नाही, मग तो तुमच्याच दिवाणखान्यात का पडेना. नुसती घरफोडीही मूळ पॉलिसीत धरलेली नसते. चोरीची भरपाई मिळते ती वरच्यापैकी एखादी आपत्ती ओढवल्यानंतर सात दिवसांत झालेल्या चोरीची. सामान हलवायच्या दिवशी दार सताड उघडं असतं आणि अनोळखी माणसं ये-जा करत असतात, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं.

प्रवासातल्या सामानाचा विमा वेगळा असतो. विमा कंपन्या त्याला इनलँड ट्रान्झिट म्हणतात, आणि एका खेपेपुरताही तो घेता येतो. मात्र त्याच्या प्रचलित कलमांत संरक्षण सुरू होतं ते सामान गाडीत चढवायला लागल्यापासून. तुमच्यासारख्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत खरा धोका त्याच्या आधीच असतो. लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर उभं-आडवं करताना निसटतं, पत्रा चेपतो, आरसा फुटतो. त्या क्षणी ते ना घराच्या विम्यात असतं, ना प्रवासाच्या. म्हणून ट्रान्झिट पॉलिसी घेतलीत तर ‘घरातून उचलल्यापासून नव्या घरात ठेवेपर्यंत, चढ-उतारासह’ असं कलम लेखी मागा. फोनवर मिळालेल्या ‘हो’ला काही किंमत नाही.

ठाण्यातल्या ठाण्यात, एका टेम्पोच्या खेपेसाठी वेगळी पॉलिसी घ्यावी असं आम्ही आग्रहाने सांगणार नाही. त्यापेक्षा पैसे चांगल्या पॅकिंगवर आणि एका जास्तीच्या हमालावर घाला. कपाटातले ड्रॉवर आणि सुटे कप्पे काढून घ्या, दाराला कुलूप लावून वरून पट्टा आवळा. टीव्ही आणि संगणक स्वतःच्या गाडीतून उभे न्या. फुटलं तर किती भरून देणार, हे टेम्पोवाल्याकडून आधी लिहून घ्या. घोडबंदर रस्त्यावर गाडी थांबून राहील हे धरूनच वेळ ठरवा. अंधार पडल्यावर घाईत उतरवलेलं सामान जास्त आपटतं.

कासारवडवलीच्या घरासाठी फक्त सामानाचा विमा भाडेकरूलाही काढता येतो. तो पहिली खेप निघेल त्या तारखेपासून सुरू करा. नौपाड्याच्या पत्त्यावर सामानाचा विमा असेल तर तो शेवटची खेप निघेपर्यंत बंद करू नका, कारण मधले दोन-तीन दिवस सामान दोन्हीकडे असतं. बांधकामाच्या विम्याबाबत बँक आणि विमा कंपनी दोघांना इमारत पाडण्याआधी लेखी कळवा आणि उरलेल्या मुदतीच्या प्रीमियमचा परतावा मागा. इमारत पाडल्यावर ज्याचा विमा आहे ते बांधकामच उरत नाही.

प्रश्न : बदलीमुळे आम्ही खारघरहून नागपूरला जात आहोत. पॅकर्स-मूव्हर्सने सामानाच्या किमतीच्या तीन टक्के ‘इन्शुरन्स’ म्हणून मागितले आहेत. भरावेत का?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : एवढ्या लांबच्या प्रवासाला विमा हवाच. पण मूव्हर्स विमा कंपनी नसतात. पाच लाखांच्या सामानावर तीन टक्के म्हणजे पंधरा हजार रुपये. ते भरण्याआधी एकच गोष्ट मागा, विमा कंपनीने दिलेली पॉलिसी किंवा प्रमाणपत्र. त्यावर कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, तुमचं नाव, ‘खारघर ते नागपूर’, गाडीचा किंवा बिल्टीचा (वाहतूकदाराच्या पावतीचा) क्रमांक आणि विम्याची रक्कम असायला हवी. तो क्रमांक मूव्हरने दिलेल्या फोनवर तपासू नका, थेट विमा कंपनीकडून पडताळून घ्या. कागद गाडी निघण्याआधी हातात आला पाहिजे. ‘नंतर मेल करतो’ म्हणाले तर पैसे देऊ नका.

कित्येकदा हे तीन टक्के विम्याचे नसतातच. बिलावर बारीक अक्षरात ‘एफओव्ही’ लिहिलेलं असतं, म्हणजे जास्त जोखीम स्वीकारण्यासाठी वाहतूकदाराने घेतलेला आकार. तो बेकायदा नाही. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखाली २०११ मध्ये आलेल्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी एरवी भाड्याच्या दहापटीपुरती असते, आणि तीही तुम्ही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. जादा दर भरायचं लेखी ठरलं तरच ती मर्यादा वाढते. इथे बिल नीट पाहा. एकूण ३८ हजारांच्या बिलात पॅकिंग, हमाली, चढ-उतार वेगळे दाखवून भाडं फक्त ९ हजार लिहिलं असेल, तर दहापट म्हणजे ९० हजारच होतात. सामान पाच लाखांचं असलं तरीही.

पॉलिसीत कलम ‘ए’ आहे की ‘बी’, हे विचारा. ‘ए’ मध्ये वगळलेल्या गोष्टी सोडून बाकी सगळी जोखीम धरतात. ‘बी’ मध्ये आग, वीज, पूल कोसळणं, गाडीची टक्कर किंवा गाडी उलटणं अशी मोजकी कारणं असतात. गाडी सुखरूप पोचली आणि आत काचेचं कपाट फुटलं, तर ‘बी’ उपयोगाचं नाही. ‘ए’ असलं तरी अपुरं पॅकिंग आणि उशिरामुळे झालेलं नुकसान धरत नाहीत. वापरलेल्या घरगुती सामानासाठी ओरखडे, पोचे, आणि बाहेरून काही झालेलं नसताना यंत्र बंद पडणं हेही सहसा वगळतात. तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यांतली फूटही बरेचदा नाकारली जाते. म्हणून काचसामान आणि मिक्सर मूव्हरच्या माणसांकडूनच बांधून घ्या.

विम्याची रक्कम कमी दाखवायचा मोह टाळा. भारत गृह रक्षामध्ये अपुऱ्या रकमेची कपात करत नाहीत, त्यामुळे लोकांना वाटतं इथेही तसंच असेल. प्रवासाच्या विम्यात ती कपात होते. सहा लाखांचं सामान तीन लाखांचं दाखवलंत आणि साठ हजारांचं नुकसान झालं, तर हातात तीसच हजार येतात, त्यातूनही पॉलिसीत ठरलेली वजावट जाते. यादी करताना ‘किचनचं सामान – ४ खोकी’ असं मोघम लिहू नका. प्रत्येक खोक्याला क्रमांक, आत काय आहे, आणि फ्रिज, टीव्ही, एसीसारख्या वस्तूंचा मॉडेल क्रमांक व आजची किंमत लिहा. प्रत्येक यंत्र चालू असतानाचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा.

प्रश्न : ऐरोलीला सामान उतरवून मूव्हर्स निघून गेले. सामानाचा ट्रान्झिट विमा होता. पोच पावतीवर सहीही केली. दुसऱ्या दिवशी वॉशिंग मशीन लावलं तर ड्रम धडधडतो आहे आणि डायनिंग टेबलच्या काचेला तडा दिसतो आहे. आता काय?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आजच मूव्हर आणि विमा कंपनी दोघांना ई-मेल करा. बिल्टी क्रमांक, गाडी क्रमांक, वस्तू, अंदाजे नुकसान आणि फोटो जोडा. सहीमुळे दावा संपत नाही, फक्त अवघड होतो. सही करताना पावतीवर ‘खोके क्र. १४ फाटलेलं, आतलं सामान तपासायचं बाकी’ एवढं लिहिलं असतं तर बाजू भक्कम झाली असती.

फुटलेली काच आणि तिचं पॅकिंग टाकू नका, सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला येणारा माणूस, ते पाहायला मागतो. कंपनी क्लेम फॉर्म, पॉलिसी, बिल्टी, सामानाची यादी, दुरुस्तीचा खर्चाचा अंदाज आणि मूव्हरला पाठवलेल्या दावापत्राची प्रत मागेल. हे दावापत्र बरेच जण विसरतात. भरपाई दिल्यावर विमा कंपनी ते पैसे वाहतूकदाराकडून वसूल करते. तुम्ही वेळेत नोटीस दिली नसेल तर तिचा हक्क बुडतो आणि ते कारण दाखवून तुमचा क्लेम कापला जाऊ शकतो. रस्ते मालवाहतूक कायद्यात ही लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते. ती रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा.

वॉशिंग मशीनबद्दल मात्र फार आशा ठेवू नका. मशीन फ्रंट लोड असेल तर ते हलवण्यापूर्वी त्याच्या मागच्या बाजूला बोल्ट बसवायचे असतात. मशीन नवं येतं तेव्हा ते लावलेले असतात आणि मेकॅनिक काढून देतो. त्यांच्याशिवाय नेलं तर रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला ड्रम हिंदकळतो आणि त्याला पेलणारे स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर निकामी होतात. बाहेरून मशीनला खरचटलेलंही नसतं, म्हणून कंपनी ‘यांत्रिक बिघाड’ म्हणून नाकारते. बोल्ट मूव्हरच्या माणसांनी बसवायचे असं लेखी ठरलं असेल, तर त्यांच्याविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागता येते. विमा कंपनीने एक महिन्यात उत्तर दिलं नाही किंवा दावा फेटाळला, तर विमा लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. फेटाळल्यापासून एक वर्षाच्या आत.

प्रश्न : वाशीतलं घर सोडलं, पण नव्या घराचा ताबा तीन महिन्यांनी मिळेल. मूव्हर त्याच्या गोदामात सामान ठेवायला तयार आहे. ट्रान्झिट विमा तोवर चालेल?
– एक वाचक, वाशी

उत्तर : चालणार नाही. प्रचलित कलमांत रस्त्याच्या प्रवासाचं संरक्षण सामान ठरलेल्या ठिकाणी पोचवल्यावर संपतं, किंवा गाडी त्या गावात पोचल्यापासून सात दिवसांनी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा. तुमच्या सोयीने गोदामात ठेवलेलं सामान प्रवासात धरत नाहीत. गोदामाच्या पत्त्यावर, तुमच्या नावाने, आग, पाणी शिरणं आणि घरफोडी धरणारी वेगळी पॉलिसी घ्या. गोदाम तळमजल्यावर असेल तर खोकी लाकडी पॅलेटवर ठेवायला सांगा आणि तसा फोटो मागून घ्या. नंतर गोदामातून नव्या घरी जाताना दुसरी ट्रान्झिट पॉलिसी लागेल.

प्रश्न : दागिने, घराची कागदपत्रं आणि गॅस सिलिंडर ट्रकमध्ये दिले तर चालेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तिन्ही नको. रोकड, दागिने आणि कागदपत्रं ट्रान्झिट पॉलिसीत सहसा वगळलेली असतात. ती स्वतःजवळ ठेवा किंवा आधीच बँकेच्या लॉकरमध्ये हलवा. गावाबाहेर जात असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर गॅस एजन्सीत जमा करून ट्रान्सफरचा कागद घ्या. सिलिंडर सामानाच्या गाडीत नेणं धोक्याचं आहे, आणि तो गाडीत असताना आग लागली तर क्लेमवरही प्रश्न उभा राहतो.