आजीच्या पेटीत निघालेली जुनी नाणी लिलावात द्यावीत का, आणि त्यांचे किती पैसे येतील?

आपण लिहिले आहे की आजीच्या मागे तिची लाकडी पेटी उघडली, तेव्हा तीत व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे १४ रुपये, तांब्याची ६ शिवराई नाणी आणि राम-सीतेचे चित्र असलेले, ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असा मजकूर कोरलेले एक पिवळे नाणे निघाले. त्या पिवळ्या नाण्याचे २५ लाख देतो असे सांगणारा एक माणूस आपल्याला इंटरनेटवर भेटला असून तो आधी ‘नोंदणी शुल्क’ मागत आहे. घरातल्या थोरांचे मत मात्र सगळी नाणी एखाद्या लिलावात द्यावीत असे आहे. मी सुमारे तीस वर्षे नाणी जमवतो आणि लिलावांत विकणारा व विकत घेणारा अशा दोन्ही बाजूंनी वावरलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी त्या माणसाला एक पैसाही पाठवू नका. खरा खरेदीदार विकणाऱ्याकडून कधीही शुल्क, कर किंवा ‘कमिशन’ आगाऊ मागत नाही. जुनी नाणी आणि नोटा यांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाचा वापर करून लोकांकडून असे पैसे उकळले जात आहेत, असा इशारा त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे दिला होता आणि या व्यवहारांशी बँकेचा काहीही संबंध नसल्याचेही स्पष्ट केले होते. ज्या नाण्यासाठी हे पैसे मागितले जात आहेत ते नाणे तर कधी चलनात नव्हतेच. कंपनीच्या ताब्यातील मुलुखासाठी एकसारखी नाणी पाडण्याची पद्धत १८३५ च्या कायद्याने सुरू झाली. त्याआधी मुंबई, मद्रास आणि बंगाल या इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. एका बाजूला रामपंचायतन किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत कंपनीचे नाव व १८१८ हे साल, असे नाणे कंपनीच्या कोणत्याही टाकसाळीने पाडलेले नाही. हे तुकडे खूप नंतर देवस्थानांच्या परिसरात आणि जत्रांतून विकण्यासाठी केले गेले. आजीने ते श्रद्धेने जपले असेल तर ते देवघरात ठेवावे. त्याची जागा तीच आहे. लिलावाच्या सूचीत मात्र त्याला स्थान मिळणार नाही.

आता चांदीच्या रुपयांविषयी. त्या काळच्या रुपयाचे प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदीचा कस ९१.७ टक्के होता, म्हणजे एका रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. आपल्या १४ रुपयांत मिळून सुमारे १५० ग्रॅम चांदी आहे, झिजेमुळे थोडी कमी धरा. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने याचा जो आकडा येईल तो आपला तळ समजावा. त्याखाली कोणी मागितले तर बोलणे तिथेच थांबवावे. या तळाच्या वर किती मिळेल हे तीन गोष्टींवर ठरते: साल, टाकसाळ आणि नाण्याची स्थिती.

सालाच्या बाबतीत अनेकांची गफलत होते. राणीच्या रुपयांवर ‘१८६२’ हे साल फार मोठ्या संख्येने दिसते, कारण त्या वर्षानंतर १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवरही तेच साल कायम ठेवले गेले. मुंबईच्या टाकसाळीने सालाखाली बारीक ठिपके देऊन प्रत्यक्ष वर्षाची खूण ठेवली, आणि संग्राहक भिंग घेऊन मोजतात ते हेच ठिपके. त्यामुळे ‘माझ्याकडे १८६२ चा रुपया आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही. ठिपके किती आणि राणीच्या पोशाखावरील नक्षीचा ठसा कोणता हे पाहावे लागते. १८७७ पासून ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ हा शब्द आला, कारण राणीने सम्राज्ञीपद धारण केले आणि त्याची घोषणा १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात झाली. आपल्या १४ पैकी किती ‘क्वीन’ आणि किती ‘एम्प्रेस’, हे आधी वेगळे करा. बहुतेक घरांत निघणारे ‘एम्प्रेस’ रुपये संख्येने विपुल असतात आणि चांदीच्या किमतीपेक्षा फार वर जात नाहीत, हे आपल्याला आत्ताच स्पष्टपणे सांगणे मला योग्य वाटते.

स्थितीविषयी मात्र मला अधिक लिहायचे आहे, कारण आपल्या महाराष्ट्रातल्या घरांत नाण्यांचे सर्वाधिक नुकसान प्रेमापोटी होते. लक्ष्मीपूजनाला चौरंगावर मांडण्याआधी हे रुपये दरवर्षी रांगोळीने किंवा राखेने घासले जातात, पंचामृताने न्हातात, त्यांवर हळदकुंकू वाहिले जाते. आमच्या घरातील एका रुपयावर राणीचे नाक आणि मुकुटाची कड पूर्ण सपाट झाली होती. माझ्या आजीने तो साठ वर्षे दर दिवाळीला लखलखीत केला होता. त्या रुपयाला बाजारात चांदीपलीकडे किंमत उरली नव्हती. तो मी विकला नाही आणि विकणारही नाही, पण तो पाहूनच मला ‘मूळ पृष्ठभाग’ म्हणजे काय हे समजले. नाणे टाकसाळीतून बाहेर पडते तेव्हा त्याच्या अंगावर ठशाच्या दाबाने उमटलेली एक तकाकी असते. काळाच्या ओघात चांदीवर राखाडी, निळसर, काळपट छटा चढतात आणि तांब्यावर चॉकलेटी किंवा हिरवट थर बसतो. जाणत्या खरेदीदाराला हा थर हवा असतो, कारण नाणे अस्सल आणि अस्पर्श असल्याची ती खूण असते. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, सोडा, सराफाचे पॉलिश यांपैकी काहीही लावले की तो थर जातो आणि पुन्हा येत नाही. म्हणून नाणी आहेत तशीच ठेवा, कडेने धरा आणि प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात घाला. साध्या मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांतील रसायने कालांतराने धातूला लागतात, त्यामुळे त्या वापरू नयेत. एखाद्या रुपयाला कान (अडकवण्याची कडी) डाखलेला असेल किंवा दागिन्यासाठी भोक पाडलेले असेल तर संग्राहकांच्या दृष्टीने तो जवळजवळ बाद होतो, मग त्यावरील साल कितीही दुर्मीळ असो.

आपल्या पेटीतील खरे महत्त्वाचे ऐवज माझ्या मते ती सहा शिवराई नाणी आहेत, आणि दिसायला ओबडधोबड असल्यामुळे बहुधा तीच सर्वांत शेवटी पाहिली गेली असतील. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या सुमारास स्वतःच्या नावाची नाणी पाडली: सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’ असा देवनागरी लेख त्यांवर असतो. पुढे शंभर-दीडशे वर्षे, पेशवाईत आणि नंतरही, ह्याच मजकुराची तांब्याची नाणी ठिकठिकाणच्या टाकसाळींत पडत राहिली. ठसे कोरणारे बदलले तशी अक्षरांची वळणे बदलली, कुठे ‘सिव’ झाले, कुठे ‘छत्रपती’ दीर्घ झाले. ज्याला आपण दुदांडी शिवराई म्हणतो, तिच्यावर दोन ओळींच्या मध्ये दुहेरी रेघ असते आणि ती उत्तरकाळातील असते. घरोघरी निघणारी बहुसंख्य शिवराई नाणी याच उत्तरकाळातील असतात आणि ती काही शे रुपयांत सहज मिळतात. ठळक, सुबक अक्षरे, बिंदूंची पूर्ण किनार आणि भरपूर वजन असलेला आरंभीचा ठसा मात्र क्वचित येतो, आणि तसा आला की लिलावात दोन जाणते एकमेकांवर चढत जातात. हा फरक वजन न करता आणि अक्षरे न वाचता कोणीही सांगू शकत नाही. जो सांगतो त्याच्यापासून सावध राहावे. नाशिकजवळ अंजनेरी येथे भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्था आहे, तेथील अभ्यासकांना दाखवण्याचा विचार करावा. मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आहे. ते एकदा पाहून आलात तर आपल्या हातात काय आहे याची नजर आपोआप तयार होईल.

कायद्याचा भाग थोडक्यात. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. ती देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणून परदेशातील नातेवाइकाकडे पाठवून तिकडच्या लिलावात देण्याचा विचार कोणी सुचवला असेल तर तो सोडून द्या. पुरावस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, त्यामुळे ज्या संस्थेकडे नाणी द्याल तिचा परवाना पाहून घ्या. नाणी पेटीत वंशपरंपरेने आली असल्याने आपल्याला अडचण नाही. पण तीच जर वाड्याच्या भिंतीत किंवा जमिनीखाली पुरलेली सापडली असती, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक ठरले असते. दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याला तो कायदा लागू होतो.

लिलाव कसा चालतो ते समजून घेतले म्हणजे अपेक्षा नीट बसतात. मुंबईतील टोडीवाला, अहमदाबादची क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी, बंगळूरची मरुधर आर्ट्स अशा काही संस्था प्रामुख्याने नाण्यांचे लिलाव करतात. आपली नाणी त्यांनी स्वीकारली तर प्रत्येक नाण्याला किंवा नाण्यांच्या गटाला एक लॉट क्रमांक मिळतो, सूचीत छायाचित्र, वजन, वर्णन आणि अंदाजित किंमत छापली जाते, आणि ज्या किमतीखाली विकायचे नाही ती राखीव किंमत आपण संस्थेशी आधी ठरवू शकता. शेवटच्या बोलीवर हातोडा पडतो त्या किमतीवर खरेदीदार संस्थेला जादा शुल्क देतो आणि विकणाऱ्याच्या पैशांतूनही कमिशन कापले जाते. समजण्यापुरते उदाहरण घ्या: हातोडा १०,००० रुपयांवर पडला, खरेदीदाराचे शुल्क १५ टक्के आणि विकणाऱ्याचे कमिशन १० टक्के असेल, तर घेणारा करांशिवाय ११,५०० रुपये देतो आणि आपल्या हाती ९,००० येतात. वर्तमानपत्रांत छापले जाणारे आकडे बहुधा घेणाऱ्याने मोजलेले असतात, विकणाऱ्याला मिळालेले नसतात. नागपूरचे मराठा सरदार रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून परत मिळवली, तेव्हा वाहतूक आणि विमा धरून एकूण खर्च ४७.१५ लाख रुपये झाला. तो आकडा वाचून ‘जुन्या वस्तूंना एवढे मिळतात’ असे म्हणणारे मला अनेक भेटले. त्या तलवारीच्या पात्यावर देवनागरीत ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा’ असे नाव आहे. किंमत त्या नावाला, त्या इतिहासाला आली. आपल्या रुपयांवर अशा कोणा एका मालकाचे नाव नाही, आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवे.

म्हणून माझा सल्ला असा की, सामान्य सालाचे ‘एम्प्रेस’ रुपये लिलावात पाठवू नका. सूचीचा खर्च आणि कमिशन जाऊन हाती फारसे उरत नाही, आणि पुष्कळ संस्था ते घेतही नाहीत. ते घरातील भावंडांत वाटून घेतले तर मला अधिक आनंद होईल. ‘क्वीन’चे रुपये ठिपके मोजून आणि शिवराई नाणी वाचून झाल्यावर जी एक-दोन वेगळी ठरतील तेवढीच लिलावात द्यावीत, आणि तीही राखीव किंमत लेखी ठरवून. देताना प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र आणि वजन नोंदलेली पावती घ्या. पंचवीस वर्षांपूर्वी मी एक शिवराई ‘दोन दिवस पाहायला’ म्हणून एका व्यापाऱ्याकडे विश्वासाने, पावतीशिवाय ठेवली आणि परत मिळाली ती दुसरीच, झिजलेली. माझ्याकडे छायाचित्र नव्हते, वजनाची नोंद नव्हती. बोलायला आधारच नव्हता. त्या नाण्यावरील ‘श्री’ची वेलांटी मला आजही डोळ्यांसमोर दिसते. करारात पैसे किती दिवसांत मिळतील, न विकलेली नाणी कोणाच्या खर्चाने परत येतील आणि दरम्यान विमा कोणाचा, ही तीन कलमे वाचल्याशिवाय सही करू नका. प्राप्तिकराबाबत आपल्या सनदी लेखापालांना विचारा.

आणखी एक काम आजच करा. पेटीत नाणी कशी ठेवली होती, कोणत्या कापडात बांधली होती, सोबत एखादी चिठ्ठी होती का, आजीचे माहेर कुठले, हे सगळे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा. शिवराई नाणी कोणत्या गावाकडून आली हे कळले तर ती कोणत्या टाकसाळीची असावीत याचा अंदाज बांधायला अभ्यासकाला फार मदत होते, आणि पेटीतून निघून नाणी एकदा वेगवेगळ्या हातांत गेली की ही माहिती कायमची नाहीशी होते.

आपण लिहिले आहे की सहापैकी एका शिवराईच्या कडेने बारीक ठिपक्यांचे पूर्ण वर्तुळ आहे आणि ती इतरांपेक्षा जड लागते. सोनाराच्या काट्यावर तिचे वजन करून, दिवसाच्या उजेडात तिरप्या प्रकाशाने दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून येथे टाकलीत, तर अक्षरे वाचून मला जे समजेल ते मी नक्की कळवीन. तोपर्यंत ती कोणालाही देऊ नका, आणि पुसूही नका.