लाभ, दोन, तीन

चि. सईस अनेक आशीर्वाद.

मे महिन्यात जावळीच्या घरी भात मोजताना आजी ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ का म्हणाली आणि शेजारची कणगी उघडायला गेल्यावर तिने तुला का अडवले, असे तू विचारलेस. इथे लीड्समध्ये बसून आठवेल तेवढे लिहितो.

आपल्या डोंगरात पावसाळ्याचे 4 महिने वाटा बंद पडत. जवळच्या महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, यावरून तुला कल्पना येईल. म्हणून वर्षाचे भात, नाचणी आणि वरी बांबूच्या विणलेल्या, शेणमातीने लिंपलेल्या कणग्यांत भरून ठेवत. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीसाठी जमिनीत पेवे खोदत. आपल्याकडे जमीनच पाझरते, त्यामुळे तो मार्ग नव्हता.

वाटण्या होऊन 3 घरांच्या चुली वेगळ्या झाल्या, तरी कोरडी जागा म्हणजे एकच माजघर, त्यामुळे कणग्या तिथेच राहिल्या आणि त्यांच्याभोवती नियम जमले. दुसऱ्याच्या कणगीला त्याच्या घरचे माणूस समोर असल्याशिवाय हात लावायचा नाही. दिवेलागणीनंतर धान्य काढायचे नाही, कारण लक्ष्मी बाहेर जाते, असे आजी सांगते. अंधारात कोणी किती काढले ते दिसत नाही, हे खरे कारण असावे, असे मला वाटते (तिला हे सांगू नकोस). पायली मोठ्याने मोजायची आणि पहिलीला ‘लाभ’ म्हणायचे, म्हणजे आरंभ शुभ शब्दाने होतो आणि मोजणी सुरू झाल्याचे तिन्ही घरांना कळते. उसने नेताना माप सपाट, परत करताना मात्र शीग लावून. एका चुलतीने एकदा सपाट परत केले होते, ते आजी अजून विसरलेली नाही.

तळाशी मूठभर दाणे ठेवायचेच, आणि ‘संपले’ न म्हणता ‘वाढले’ म्हणायचे. लहानपणी मी ‘नाचणी संपली’ असे ओरडलो, तेव्हा मला ओंजळभर दाणे परत टाकून यावे लागले होते.

तू उघडणार होतीस ती कणगी मुंबईला गेलेल्या काकांची. त्यांच्या खोलीला वर्षभर कुलूप असते आणि त्या कणगीत त्या मूठभर दाण्यांपलीकडे काही नसेल, तरी आजी आपली पायली पूर्वीइतक्याच मोठ्याने मोजते.

तुझा,
बाबा