“मॅडम, खात्री देता का?”

कोरोनामुळे बंद असलेली महाविद्यालयं २० ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली आणि सांगलीत, विश्रामबागच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तोच प्रश्न परत येऊन बसला: “लॅब सुरू झालीय, पण तिथून मी घरी काही आणलं तर?” पीएच.डी. करणारी मुलं विचारत, त्यांचे आई-वडीलही विचारत. त्यांना मी आदल्या वर्षीच्या एका मुलीची हकीकत सांगायचे. तिच्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून, ती इथे लिहिते आहे.

नोव्हेंबर २०२०. सप्टेंबरात सांगली-मिरजेत बेडसाठी झालेली वणवण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ताजी होती. प्रयोगशाळेशिवाय ज्यांचं अडतं अशा विज्ञानाच्या संशोधक विद्यार्थ्यांना केंद्रानं १५ ऑक्टोबरपासून मुभा दिली होती. ही मुलगी तासगावकडची, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. घरी आप्पांना मधुमेह, आजी ऐंशीच्या पुढची. लॉकडाऊनमध्ये तिनं जपलेले जिवाणू सुकून गेले होते. गाईड सर “ये आता” म्हणत होते. ती दोनदा एसटी स्टँडपर्यंत आली आणि दोन्ही वेळा घरी परतली.

“सगळे नियम पाळीन मॅडम. पण तरीही झालं तर? मला कुणीतरी खात्री द्या.”

“ती मी नाही देऊ शकत.”

ती रडली. मी रडू दिलं.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांत घडलेली. ‘घरच्यांना काही होऊ नये’ ही इच्छा आणि ‘होताच कामा नये, आणि झालं तर मी गुन्हेगार’ हा हट्ट, यांतला फरक मी तीन भेटींत तिला समजावला. हुशार मुलगी, तिनं तो टिपूनही घेतला. डोक्याला पटलं, पण पोटात उतरलं नाही. हे मला दिसत होतं, म्हणून मी समजावणं थांबवलं.

चौथ्या भेटीत आम्ही गॅलरीत बसलो. तिनं पिशवीतून स्प्रे आणि कापूस काढला आणि टेबल पुसायला घेतलं. आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत एक सरळ पट्टा. कापसाची घडी बदलली, शेजारी दुसरा पट्टा. हात एकदाही उलटा फिरला नाही.

“अगं, असं का पुसतेस?”

“सवय. उलट फिरवलं की पुसलेलं परत माखतं. लॅबमध्ये कामाआधी आणि कामानंतर सत्तर टक्के अल्कोहोलनं पुसतोच.”

“सत्तरच का? शंभर का नाही?”

पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत चमक आली. “पाणी लागतं, मॅडम. शुद्ध अल्कोहोल पेशीचं वरवरचं प्रथिन गोठवतं, मग आत शिरत नाही. शिवाय लगेच उडून जातं.”

“आणि तू ज्यांच्यावर काम करतेस ते जिवाणू निरुपद्रवी आहेत?”

“छे! स्टॅफिलोकॉकस ऑरियस. जखमा चिघळवतो.”

“मग तो तू आप्पांपर्यंत नेणार नाहीस, ही खात्री तीन वर्षं तुला कुणी दिली होती?”

ती गप्प झाली. खालून भाजीवाला ओरडत गेला, लांब गेला, तरी ती गप्पच. ती शांतता मी मोडली नाही. इतक्या वर्षांच्या कामात एवढं मी नक्की कमावलंय, की अशा वेळी आपण बोलायचं नाही.

“कुणीच नाही,” ती म्हणाली. “मी पद्धत पाळत होते.”

तिला हवं होतं ते उत्तर आधीपासूनच तिच्या हातांत होतं. मी फक्त त्या हातांकडे पाहिलं, आणि मला वाटतं समुपदेशनातलं निम्मं काम हेच असतं.

पुढचं तिनंच ठरवलं, तिच्या लॅबच्या वहीत. लॅमिनारची, म्हणजे गाळलेली हवा सोडणाऱ्या कामाच्या कपाटाची, हवा जिवाणूंच्या प्लेटला जपते, माणसाला नाही, म्हणून तिथेही मास्क उतरवायचा नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, तेव्हा तो बंद आणि खिडक्या उघड्या. एका पाळीत दोघंच. एसटीत खिडकीची जागा आणि नाकाशी घट्ट बसणारा एन-९५. खरा धोका तिला प्रयोगात दिसलाच नाही. तो दिसला डब्याच्या वेळी, मास्क खाली आणि कोपराला कोपर लावून गप्पा. म्हणून डबा गच्चीवर, लांब बसून.

माझी भर दोनच गोष्टींची. पहिली, ताप किंवा घसादुखी असेल त्या दिवशी यायचं नाही, हे गाईड सरांशी आधीच बोलून ठेवायचं. ताप आलेल्या सकाळी माणूस “थोडासाच आहे” म्हणतो आणि बस पकडतो. विद्यापीठ अनुदान आयोगानं प्रबंधाची मुदत सहा महिने वाढवली होती, तेव्हा वेळ मागण्यात लाज कसली? गाईड मंडळींनाही माझी कळकळीची विनंती आहे: “काही होत नाही” म्हणू नका. त्यानं भीती जात नाही, पोरं ती लपवायला शिकतात.

दुसरी गोष्ट: “आप्पांना विचारलंस?”

“ते हो म्हणतील.”

“विचारलंस का?”

नव्हतं विचारलं. त्यांच्या वतीनं तिनं एकटीनंच सगळं ठरवलं होतं. विचारल्यावर आप्पा म्हणाले, “मी बेदाण्याच्या सौद्याला जातोच की. तू अडवलंस का मला?” मग दोघांनी मिळून ठरवलं, काही महिने तिचं ताट ओसरीवर आणि आजीशी बोलणं उंबऱ्यापासून.

२०२१ मध्ये लॅबकडे परत जाणाऱ्यांचे लशीचे दोन्ही डोस झाले होते. त्यानं आजार गंभीर होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो, पण लागण होऊ शकते. म्हणून खिडकी आणि डब्याचा नियम सोडू नका, असं मी त्यांना सांगायचे.

एप्रिल २०२१ मध्ये तिचा फोन आला. “मॅडम, आप्पा पॉझिटिव्ह आलेत. सौद्यातून की माझ्यामुळे, कळणार नाही.”

“तू कशी आहेस?”

“भीती वाटतेय. पण ऑक्सिजन ९६ आहे, दर चार तासांनी लिहितेय. आजीला काकांकडे हलवलंय. डॉक्टरांशी बोलले.”

आप्पा बरे झाले. नंतर ती वही दाखवायला आली होती. उजव्या पानांवर प्लेटवरच्या वसाहतींची मोजणी, आणि डाव्या पानांवर, त्याच नेटक्या अक्षरात, आप्पांचा ताप, साखर आणि ऑक्सिजन.